बेटावर गोडं पाणी कुठून येतं?

कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात लग्नानंतरच्या सहलीचा नकाशा एका पिढीत तीन-चार वेळा बदलला. आधी माथेरान-महाबळेश्वर होतं, मग गोवा आला, मग केरळ आणि अंदमान, आणि आता मालदीव. टिटवाळ्यात अजूनही नवं जोडपं आधी महागणपतीच्या पाया पडायला जातं, पण त्यानंतरच्या बेतात आता समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी खोलीचा फोटो असतो. खोलीतून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि नजर पोहोचेल तिथवर दुसरं माणूस दिसत नाही. आयुष्यात एकदा तरी असं राहून यावं, असं वाटणाऱ्यांत मीही आहे.

म्हणून या एकांताचा नीट आढावा घ्यावासा वाटला. तो तयार कसा होतो, त्याची किंमत कोण कोण मोजतं, मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाने त्यासाठी साठवलेले पैसे घालावेत का, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या बेटांवर तसलं काही उभारावं का, हे प्रश्न एकात एक गुंतलेले आहेत. माझं मत आधीच सांगते. खासगी बेटावरचा एकांत निसर्गाकडून आयता मिळत नाही. तो रोज पाणी, डिझेल, बोटी आणि शेकडो माणसांचे हात लावून राखावा लागतो. हा भार पेलण्याची सोय जिथे केली आहे तिथे जायला हरकत नाही. जिथे आधीपासून लोक राहतात, तिथे त्यांना बाजूला सारून तो विकणं मात्र चूक आहे.

सुरुवात आपल्या काळू नदीपासूनच करावी लागते. आपला समुद्र मालदीवसारखा निळा का नाही, या प्रश्नाचं उत्तर पावसाळ्यात टिटवाळ्याच्या पुलाखालून वाहतं. माळशेजच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावणारी काळू भातसेचं पाणी घेऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते, आणि उल्हास ते सगळं वसई आणि ठाण्याच्या खाड्यांत नेऊन ओतते. जुलैत हे पाणी लालतांबडं असतं. सह्याद्रीची धुपलेली माती अशा पन्नास नद्यांमधून कोकणच्या समुद्रात उतरते. प्रवाळाला गाळ चालत नाही आणि गोड्या पाण्याचे लोंढेही चालत नाहीत. त्यामुळे आपल्या किनाऱ्यालगत प्रवाळ मालवणसारख्या मोजक्या जागी तग धरून आहे, आणि जिथे ते खऱ्या अर्थाने बहरलं आहे ती आंग्रिया बँक विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात पाण्याखाली आहे. कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालेलं हे प्रवाळाचं पठार पाण्याच्या वर डोकं काढत नाही, म्हणून तिथे कुणी रिसॉर्ट बांधू शकलेलं नाही.

मालदीवमध्ये एकही नदी नाही. तिथली बेटं म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखी पर्वतांच्या माथ्यावर प्रवाळाने लाखो वर्षं रचलेली कडी. पर्वत हळूहळू खचत गेला, प्रवाळ वर वर वाढत राहिलं आणि शेवटी पाण्यावर फक्त गोल कडं उरलं, ही उपपत्ती डार्विनने १८४२ साली मांडली. तिच्यात मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा एक धागा आहे. ज्या तप्त स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण उसळला, त्याच स्रोतावरून भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप-मालदीव-चागोस ही समुद्रातली रांग उमटली. तो स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे कळसूबाईचा कातळ आणि मालदीवच्या बेटांखालचा पाया एकाच कुळातले आहेत. एकावर नद्या कोरल्या गेल्या, दुसऱ्यावर प्रवाळ चढलं.

मालदीवच्या पर्यटनाची कहाणी फार जुनी नाही. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पाहणी करून ही बेटं पर्यटनाला योग्य नाहीत, असं मत दिलं होतं. वीज, बंदर, बँक, टेलिफोन यांपैकी धड काहीच नव्हतं. फेब्रुवारी १९७२मध्ये इटलीहून आलेला वीस-बावीस जणांचा पहिला गट राजधानी मालेतल्या घरांमध्येच उतरला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला शेजारच्या नारळीच्या बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिलं रिसॉर्ट उघडलं, तीस खोल्यांचं. पुढे यातूनच ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे धोरण घडलं: सुमारे बाराशे बेटांपैकी ज्यांवर वस्ती नाही ती सरकारने भाडेपट्ट्याने द्यायची, आणि एका बेटावर एकच व्यावसायिक. देश मुस्लीम, दारूला बंदी, पोशाखाचे नियम कडक. पाहुणे वेगळ्या बेटावर राहिले की दोघांनाही अडचण नाही, असा हा हिशेब होता. आज तिथे पावणेदोनशेच्या आसपास रिसॉर्टं आहेत आणि २०२४ साली वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. देशाची लोकसंख्या मात्र पाच लाखांच्या जरा वर आहे, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या निम्म्याहूनही कमी.

या धोरणाने देशाला पैसा दिला, हे नाकारता येत नाही. पण त्याने जवळपास चाळीस वर्षं सामान्य मालदीवी माणसाला पर्यटकापासून दूरही ठेवलं. रिसॉर्टच्या बेटावर स्थानिक माणूस नोकरी करायला जायचा, आणि गावाच्या बेटावर पर्यटक राहू शकत नव्हता. २००९नंतर वस्ती असलेल्या बेटांवर गेस्टहाउसं उघडायला परवानगी मिळाली. माफुशी, धिगुरा अशा गावांमध्ये घरमालकांनीच चार-सहा खोल्या काढल्या. मालदीवच्या पर्यटनातला हा सगळ्यात मोलाचा बदल, असं मला वाटतं. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण बेटाचं सगळं गणित तिथे उलगडतं. प्रवाळाच्या बेटावर पडलेला पाऊस सच्छिद्र वाळूतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो, कारण गोडं पाणी हलकं असतं. दुधावर साय धरावी तसा हा थर असतो, आणि सायीसारखाच तो हळू हाताने काढावा लागतो. समुद्रसपाटीच्या वर हातभर गोडं पाणी असेल तर खाली त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत ते असतं, असा ढोबळ नियम आहे. उलट बाजूने पाहिलं तर वरून हातभर उपसा झाला की खालून चाळीस हात खारं पाणी वर चढतं. मालदीवची बेटं समुद्रापासून सरासरी दीड मीटर उंच आणि रुंदीला काहीशे मीटर. त्यांवरचा हा थर मुळातच पातळ. जुन्या काळी विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढणाऱ्या गावाला तो पुरला. दोनशे खोल्या, प्रत्येकीला शॉवर, टब, काहींना स्वतःचा छोटा तरणतलाव, रोज धुतली जाणारी शेकडो चादरी-टॉवेलं, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

म्हणून प्रत्येक रिसॉर्ट समुद्राचं पाणी दाबाने पडद्यातून ढकलून गोडं करतं. त्या यंत्रांना वीज लागते, वीज बहुतेक ठिकाणी डिझेलच्या जनरेटरवर, डिझेल बोटीने. सौरपॅनेलं वाढत आहेत, पण रात्रीची वातानुकूलित खोली अजून तरी मुख्यतः डिझेलवरच चालते. तांदूळ, बटाटा, सफरचंद, मैदा, अगदी बागेतली माती काही ठिकाणी बाहेरून. उरलेलं सगळं परत बोटीतून जातं. मालेजवळच्या थिलाफुशी या उथळ खाजणात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कचरा टाकून टाकून अख्खं बेट तयार झालं, आणि वर्षानुवर्षं तिथला धूर राजधानीतून दिसत राहिला. पाण्याची ही व्यवस्था किती नाजूक असते, ते डिसेंबर २०१४मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मालेतल्या पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ एका दिवसात कोरडे पडले. भारताने ‘ऑपरेशन नीर’ हाती घेऊन विमानांनी आणि ‘सुकन्या’ या नौदलाच्या जहाजाने पाणी पोहोचवलं.

एकांत राखणाऱ्या माणसांविषयी मात्र फारसं लिहिलं जात नाही. पाहुण्याला कुणी दिसू नये म्हणून कर्मचाऱ्यांची घरं, भटारखाना, धोबीघाट, जनरेटर, कचऱ्याची भट्टी हे सगळं बेटाच्या एका कडेला झाडीआड असतं. बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ इथून आलेली आणि मालदीवच्या लांबच्या प्रवाळमंडळांतली तरुण मुलं तिथे महिनोन्‌महिने राहतात. पहाट होण्याआधी वाळू झाडून तिच्यावरच्या पाऊलखुणा पुसणं हे कुणाचं तरी कामच असतं. राहायला जाणाऱ्याने निदान त्यांच्याशी बोलावं, नाव विचारावं, आणि सेवाशुल्क त्यांच्यापर्यंत पोहोचतं का, तेही विचारावं.

समुद्र तापतो आहे, हे या सगळ्याच्या मुळावर आलेलं संकट. १९९८च्या एल निन्योत मालदीवच्या उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून मेलं, सावरत होतं तोवर २०१६ला पुन्हा तेच घडलं. प्रवाळ हे केवळ बघण्याचं नाही. तेच लाटा अडवतं आणि तेच झिजून वाळू होतं. शिवाय तिथल्या बेटांची वाळू स्थिर नसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात ती एका बाजूला जाते, ईशान्येच्या वाऱ्यात परत फिरते. पक्का धक्का किंवा भिंत बांधली की ही ये-जा तुटते आणि एका बाजूचा किनारा खरवडला जातो. मग वाळू उपसून भरायची, पुन्हा गाळ उडायचा, पुन्हा प्रवाळ गुदमरायचं. अलीकडे तर खाजणात वाळू ओतून नवी बेटंच घडवली जातात. रिसॉर्ट निवडताना किनाऱ्यावरून पोहत जाता येईल असं जिवंत प्रवाळ त्या बेटाला आहे का, हा प्रश्न खोलीच्या फोटोंपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. भरावाच्या बेटाला ते बहुधा नसतं.

मग टिटवाळ्याच्या एखाद्या कुटुंबाने जावं का? मुंबई ते माले हे उड्डाण तीन तासांच्या आसपासचं, आणि टिटवाळ्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो किंवा रिक्षाने विमानतळ गाठायला गर्दीच्या वेळी जवळपास तेवढाच वेळ जातो. भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी पोहोचल्यावर प्रवेश विनाशुल्क मिळतो. खर्चाचा धक्का खोलीच्या दरात नसून त्याच्या भोवती असतो. मालेहून रिसॉर्टपर्यंतची स्पीडबोट किंवा सीप्लेन वेगळी, माणशी आणि दोन्ही बाजूंची. सीप्लेन फक्त उजेडात उडतं, तेव्हा दुपारनंतर उतरणाऱ्याला एक रात्र मालेत काढावी लागते. त्यावर सेवाशुल्क, पर्यटनाचा वस्तू-सेवा कर (जुलै २०२५पासून १७ टक्के) आणि जानेवारी २०२५पासून दुप्पट झालेला हरित कर: रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर, लहान गेस्टहाउसमध्ये ६. चौघांच्या घराला रिसॉर्टमधल्या पाच रात्रींचे हरित कराचेच २४० डॉलर होतात. जेवण दरात धरलेलं नसेल तर बेटावर दुसरं हॉटेल नाही, हे लक्षात ठेवावं. शाकाहारी घरांनी आधी लिहून विचारावं.

दुसरी अडचण आपल्या शाळांच्या सुट्ट्यांची. आपली मोठी सुट्टी मेमध्ये, आणि तिथला पावसाळा मेपासूनच सुरू होतो, तो ऑक्टोबरपर्यंत. कोरडे, शांत महिने डिसेंबर ते एप्रिल, आणि नेमके तेव्हाच दर चढलेले. मे महिन्यात स्वस्त दिसणारं पॅकेज घेऊन गेलेल्या माणसाला ढगाळ आभाळ आणि उसळलेलं पाणी मिळू शकतं. दिवाळीच्या सुट्टीत संधी बरी, तीही सुट्टी नोव्हेंबरात गेली तर.

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. केसरीसारख्या कंपनीने १९८४पासून, आणि नंतर वीणा वर्ल्डने, मराठी माणसाला गटाने जग बघायची गोडी लावली. सकाळी सातला बस, दिवसाला तीन ठिकाणं, संध्याकाळी अंताक्षरी. ही पद्धत मला मनापासून आवडते. तिने एकट्या राहणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांना युरोप दाखवला. खासगी बेट याच्या अगदी विरुद्ध आहे. तिथे बघायची ठिकाणं नाहीत, बाजार नाही, बेटाला फेरी मारायला वीस मिनिटं लागतात. तिथलं सगळं वैभव पाण्याखाली आहे, आणि आपल्यातल्या निम्म्याअधिक जणांना पोहता येत नाही. म्हणून जाण्याचं ठरलं असेल तर कपडे घेण्याआधी तीन-चार महिने जवळच्या तरणतलावात पोहायला शिकावं. पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची भीती गेली की तिथले तीन दिवस कमी पडतात. ती गेली नाही तर दुसऱ्या दुपारीच माणूस कंटाळतो.

कुटुंबासाठी मी सुचवेन ते हे: तीन-चार रात्री गावाच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये, आणि हौस म्हणून एक दिवस किंवा एक रात्र रिसॉर्टवर. गावाच्या बेटावर दारू मिळत नाही, पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा ठरावीक भाग असतो, शुक्रवारी अनेक सरकारी फेरीबोटी बंद. पण सकाळी मासेमारीच्या धोणी निघताना दिसतात, शाळेत जाणारी मुलं दिसतात, आणि आपले पैसे त्या घरात राहतात. समुद्र दोन्हीकडे तोच.

भारतीय पर्यटक मालदीवला किती महत्त्वाचा झाला होता, ते २०२४च्या जानेवारीत कळलं. कोविडनंतर २०२० ते २०२३ अशी चार वर्षं तिथे येणाऱ्यांत भारतीय पहिले होते. २०२३मध्ये दोन लाखांवर गेले. पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीच्या छायाचित्रांवर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अनुदार शेरे मारले, त्यांना निलंबित व्हावं लागलं, आणि भारतीयांनी सहली रद्द केल्या. त्या वर्षी आकडा सव्वा लाखाच्या आसपास घसरला आणि आपण पहिल्या पाचातूनही बाहेर गेलो. सगळीकडे एकच वाक्य होतं: मालदीव सोडा, लक्षद्वीपला जा.

या सल्ल्यामागची भावना मला समजते, पण तो देणाऱ्यांनी लक्षद्वीपचा आकार पाहिला नव्हता. छत्तीस बेटं मिळून बत्तीस चौरस किलोमीटर, वस्ती दहांवर, २०११च्या जनगणनेत माणसं साडेचौसष्ट हजार. आपल्या महापालिकेच्या मोजक्या प्रभागांतच तेवढी माणसं निघतील. जायला प्रवेशपरवाना लागतो, विमान अगत्तीपर्यंतच, बाकी जहाज कोचीहून. पाण्याचं गणित तिथे आणखी अवघड, म्हणून २००५मध्ये राजधानी कवरत्तीला राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने एक वेगळा प्रकल्प उभारला: वरचं कोमट समुद्रपाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि शेकडो मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी करायची. रोज एक लाख लिटर. टिटवाळ्यातल्या काही मोठ्या गृहसंकुलांचीच एवढी रोजची गरज असेल. तिथे ते अख्ख्या राजधानीचं जगणं आहे.

लक्षद्वीपला खासगी बेटाच्या मुक्कामाचा अनुभव अगदीच नाही, असंही नाही. बंगारम हे वस्ती नसलेलं बेट. १९८७च्या अखेरीस राजीव गांधी तिथे सुट्टीला गेले आणि ते नाव देशभर गेलं. त्याच सुमारास तिथे केरळच्या एका हॉटेलसमूहाने साध्या झोपड्यांचं रिसॉर्ट चालवायला घेतलं, खोल्यांत वातानुकूलन नाही, दूरदर्शन नाही. ते पुढे बंद पडलं, आता तिथे तंबूंची वसाहत आहे. मद्याला परवानगी असलेलं लक्षद्वीपमधलं ते बराच काळ एकमेव बेट होतं. आता मोजमाप बदलतं आहे. जानेवारी २०२३मध्ये टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने सुहेली आणि कडमत इथे प्रत्येकी ११० खोल्यांची दोन ताज रिसॉर्टं जाहीर केली, दोन्हीकडे पाण्यावरच्या खोल्या धरून. सुहेलीवर कायमची वस्ती नाही, कडमतवर आहे, आणि फरक तिथेच आहे. २०२१मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्यावर बेटाबेटांवर निदर्शनं झाली, तेव्हा लोकांच्या मनात हीच भीती होती: विकासाच्या नावाखाली जमीन कुणी घेईल का? सुहेलीला अटी घालून परवानगी द्यायला हरकत नाही, असं मला वाटतं. कडमतसारख्या गावात मात्र आधी गावकऱ्यांच्या घरांतल्या खोल्या भराव्यात.

तुटलेपणाचा अनुभव विकत घेणं आणि तो सोसणं यांतला फरक टिटवाळ्याला वेगळा सांगायला नको. जोराचा पाऊस लागला की काळूवरचा रुंदे पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं त्या वेळेपुरती बेटं होतात. शाळा चुकते, दूध येत नाही, आजारी माणसाला लांबच्या रस्त्याने न्यावं लागतं. लक्षद्वीपच्या लोकांचं तेच वर्षभर चालतं. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं. बेटावर पर्यटनाचा पैसा येणार असेल तर त्यातला पहिला वाटा दवाखाना आणि बोटीला मिळाला पाहिजे.

नियम मोडून बेट बळकावलं तर काय होतं, याचं उदाहरण केरळमध्ये आहे. वेंबनाड सरोवरातल्या नेडियतुरुत्तु या बेटावर ५४ व्हिलांचं आलिशान रिसॉर्ट उभं राहिलं. किनाऱ्यालगत पिढ्यान्‌पिढ्या खुंटांवर जाळी लावणाऱ्या मच्छीमारांनी तक्रार केली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १० जानेवारी २०२०ला न्यायालयाने सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा भंग म्हणून ते पाडायचा आदेश कायम केला. सप्टेंबर २०२२पासून ते खरोखर पाडलं गेलं. एकही पाहुणा न राहता. जाळी लावणाऱ्या माणसाचा पाण्यावरचा हक्क पाहुण्याच्या एकांताइतकाच, किंबहुना त्याहून जुना आहे, हे या निकालाने दाखवलं.

खासगी बेट म्हणजे नुकसानच, असा निष्कर्ष यातून काढू नये. सेशेल्समधल्या फ्रेगेट या खासगी बेटावर एके काळी तिथल्या दयाळ पक्ष्याची जगातली सगळी उरलीसुरली संख्या, वीसपेक्षाही कमी, शिल्लक होती. मालक आणि पक्षितज्ज्ञ यांनी मिळून उंदीर-मांजरांपासून जपल्यामुळे तो वाचला आणि इतर बेटांवरही नेता आला. ताहितीजवळच्या टेटियारोआवर मार्लन ब्रँडोच्या कल्पनेतून २०१४मध्ये निघालेलं रिसॉर्ट खोल समुद्रातल्या थंड पाण्याने खोल्या गार करतं. तिथल्या एका रात्रीच्या दरात टिटवाळ्याचं कुटुंब काही महिने घर चालवेल, हे खरं. पण तंत्र म्हणून ते शिकण्यासारखं आहे, आणि श्रीमंतांच्या बेटांवर झालेले असे प्रयोग सरकारी विश्रामगृहांत उतरवता येतील.

राहता राहिला आपला किनारा. कोकणात बेटं आहेत, पण ती रिकामी कधीच नव्हती. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्या किल्ल्यात, चहूकडे खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. जागा निवडताना पाण्याचा विचार आधी झाला होता, हे त्यावरून उघड आहे. आजही किल्ल्यात काही कुटुंबं राहतात. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात सिंधुदुर्गासोबत खांदेरी आणि सुवर्णदुर्गही आहेत, म्हणजे आपली नावाजलेली बेटं बहुतेक किल्लेच आहेत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर दीपगृह आहे आणि गुहांत पाकोळ्यांची घरटी. त्या घरट्यांची चोरटी निर्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, उजेडात आणली आणि पहारा बसवायला लावला. अशा जागी रात्रीचे दिवे आणि संगीत नेण्याचा विचारही करू नये.

निसर्गही इथे मालदीवची नक्कल करू देत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. खांबांवरची खोली ओहोटीत चिखलावर उभी राहील. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला; सिंधुदुर्गाच्या होड्या बंद, मांडव्याच्या लाँच बंद. वर्षातले तीन महिने जिथे माणूस आणि दूध पोहोचत नाही, तिथे नोकरीला कुणाला ठेवणार?

आपल्याला जमलेलं आहे ते किनाऱ्यावरच्या गावात राहणं. १९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. शिरोडा-वेळागरला मोठ्या हॉटेलसाठी १९९०च्या दशकात घेतलेली जमीन स्थानिकांच्या विरोधामुळे दशकानुदशकं पडून राहिली, आणि त्याच काळात तारकर्ली, देवबाग, भोगवे इथे निवास-न्याहारीच्या पाटीखाली घरोघरी खोल्या उभ्या राहिल्या. पैसा गावात राहिला. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास याहून पुढे गेलं. २००२पासून तिथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू झालं, २००६पासून कासव महोत्सव. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घावणे-चटणी खातात, पहाटे किनाऱ्यावर रांगेत उभे राहून पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. एकांत हवा असणाऱ्याला आठवड्याच्या मधल्या दिवसांत वेळासचा किनारा पुष्कळ देतो, आणि टिटवाळ्याहून तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. उणिवा आहेत: घरांमधली स्वच्छतागृहं अजून सुधारायला हवीत, सांडपाणी शोषखड्ड्यांतून विहिरीपर्यंत झिरपतं, देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीवर खोल्यांची संख्या पाण्याच्या मानाने जास्त झाली आहे. गावपंचायतींनी विहिरींचं पाणी दरवर्षी तपासून त्यावरून नव्या खोल्यांना मर्यादा घालावी.

आणि मुंबईच्या अगदी दाराशी एक बेट आहे, त्याचा विचार आधी व्हायला हवा. घारापुरीला शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. लेणी १९८७पासून जागतिक वारसा, गेट वे ऑफ इंडियावरून तासाभराचं अंतर, आणि तरी समुद्राखालच्या केबलने तिथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. पर्यटकाला तिथे रात्री मुक्कामाची मुभा नाही. शेवटची लाँच संध्याकाळी सगळ्यांना घेऊन परतते आणि गावकऱ्याच्या हाती शहाळी, ताकाचे ग्लास आणि शोभेच्या वस्तू विकून मिळेल तेवढंच उरतं. राज्याला बेटावरच्या मुक्कामाचं पर्यटन करायचंच असेल तर ते या तीन गावांतल्या घरांपासून सुरू करावं: लेण्यांपासून दूर, प्रत्येक घरात दोनच खोल्या, पावसाचं पाणी साठवण्याची टाकी आधी, कचरा त्याच लाँचने परत, आणि परवाना फक्त गावच्या रहिवाशाच्या नावावर.